बायपासपूर्वी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का?

प्रश्न:
माझ्या वडिलांची बायपास पुढील महिन्यात ठरली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अनेकांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन होते, असे डॉक्टरांनी सांगितले. ते टाळण्यासाठी ओमेगा-३च्या (माशाच्या तेलातील स्निग्ध घटकाच्या) कॅप्सूल आतापासूनच द्याव्यात, असा एका नातेवाइकांचा आग्रह आहे. त्याला काही आधार आहे का?

उत्तर १:
आधार होता, पण तो टिकला नाही. इटलीत १६० बायपास रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किमान पाच दिवस आधीपासून रोज २ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के रुग्णांना हा त्रास झाला. आपल्या नातेवाइकांच्या सल्ल्याचे मूळ बहुधा तिथेच असावे. मात्र त्या अभ्यासात कोणाला औषध मिळते आहे, हे लपवलेले नव्हते. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑपेरा' चाचणीत अमेरिका, इटली व अर्जेंटिना येथील १,५१६ रुग्ण होते आणि तुलनेच्या गटाला तशाच दिसणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्रासाचे प्रमाण माशाच्या तेलाच्या गटात ३०.० टक्के, तर दुसऱ्या गटात ३०.७ टक्के निघाले. याला फायदा म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्ता:
मग निरुपद्रवी म्हणून दिल्या तर? रक्त पातळ होऊन रक्तस्राव वाढेल, एवढीच धास्ती आहे.

उत्तर २:
ती धास्ती 'ऑपेरा'त खरी ठरली नाही. रक्तस्राव वाढला नाही. माझी हरकत निराळी आहे. शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये, विशेषतः रोज १ ग्रॅमहून अधिक मात्रा घेणाऱ्यांत, एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. 'रिड्यूस-इट' चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए (ओमेगा-३चा एक प्रकार) देणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण या अनियमिततेसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण २.१ वरून ३.१ टक्क्यांवर गेले. जो त्रास टाळायचा, त्याचाच धोका वाढवू शकणारी वस्तू वर्षानुवर्षे चालू ठेवण्यात अर्थ नाही. (जेवणातल्या बांगड्याला हे लागू नाही.)

उत्तर ३:
वडील बीटा ब्लॉकर (हृदयाच्या ठोक्यांचा वेग कमी करणारे औषध) घेत असतील, तर ती गोळी मनाने बंद करू नका. ती अचानक थांबवल्यास हाच त्रास वाढतो. धोका अधिक असलेल्या निवडक रुग्णांना अमिओडॅरोन हे ठोके नियमित ठेवणारे औषधही देतात, तो निर्णय शल्यविशारदांचा. कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील, तर भूलतज्ज्ञांना देण्याच्या औषधांच्या यादीत त्या अवश्य लिहा.