विभागाचं वार्षिक वार्तापत्र करायचंय. लोक खरंच वाचतील असं कसं करावं? सल्ला हवा

नव_संपादिका

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्याच एका विद्यापीठात विज्ञानाच्या एका विभागात मी गेली चार वर्षं शिकवते. यंदाचं वार्षिक वार्तापत्र माझ्याकडे आलं आहे. वर्षभरातलं संशोधन, मुलांची बक्षिसं, नवे प्रकल्प, आवारातले कार्यक्रम, कोण रुजू झालं, कोण निवृत्त झालं, हे सगळं त्यात यायचं. हातात नऊ आठवडे आहेत.

जुने अंक बघावेत म्हणून जिन्याखालची खोली उघडली. मागच्या अंकाचे गठ्ठे सुतळीसकट तसेच पडलेले. ६४ पानं, गुळगुळीत कागद, दीपप्रज्वलनाचे अकरा फोटो. एका पानावर आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो आहे आणि खाली फक्त 'निरोप समारंभ' एवढंच. तीस वर्षं सकाळी साडेसातला ज्यांनी प्रयोगशाळा उघडली त्यांचं नाव कुठेच नाही. तो गठ्ठा मी पुन्हा बांधला, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

मला यंदाचा अंक असा करायचाय की ज्याच्याबद्दल छापलंय त्याने तो घरी नेऊन दाखवावा. माहिती गोळा कशी करावी, काय घ्यावं, काय गाळावं, छापावं की नुसती पीडीएफ काढावी? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

आस्थापना_निवृत्त

मॅडम, ३३ वर्षं विद्यापीठ कार्यालयात काढली, त्यातली शेवटची काही अहवालाच्या कामात. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

सर्वात आधी, वार्षिक अहवाल आणि वार्तापत्र यांची गल्लत होऊ देऊ नका. सार्वजनिक विद्यापीठाचा अहवाल महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे अधिसभेपुढे जातो. त्यात सगळं यावंच लागतं, कंटाळवाणं असलं तरी. वार्तापत्राला ते बंधन नाही. मागच्या अंकात तुम्हाला जे दिसलं ते बहुतेक अहवालाचंच कापून चिकटवलेलं असणार.

दुसरं, वर्ष कुठलं धरायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा. हिशेब एप्रिल ते मार्च चालतो, वर्ग जून-जुलैपासून. हे ठरलं नाही की एकच बक्षीस दोन अंकांत येतं आणि एखादं कुठेच येत नाही.

आता माहितीचं. 'आपली माहिती पाठवावी' असं परिपत्रक काढलंत तर पाच-सहा जण पाठवतील, तेही स्मरणपत्र गेल्यावर. त्यापेक्षा स्वतः कार्यालयात बसा. कर्तव्य रजेचे अर्ज मागवा. कोण कुठल्या परिषदेला गेलं, कोणाला परीक्षक म्हणून बोलावलं, सगळं तारखेनिशी त्यात असतं. मग आवक रजिस्टर बघा, बाहेरून आलेली अभिनंदनाची पत्रं तिथे नोंदलेली असतात. गुणवत्ता कक्षाने नॅकसाठी (मूल्यांकन करणारी संस्था) एक्यूएआर, म्हणजे वर्षाचा गुणवत्ता अहवाल, भरला असेल तर निम्मं काम तिथेच झालेलं आहे. निवृत्त होणाऱ्यांचं पूर्ण नाव आणि रुजू झाल्याची तारीख मात्र सेवापुस्तकातूनच घ्या, कोणाच्या आठवणीवर विसंबू नका.

आणि आकडा एकटा छापू नका. एक उदाहरण देतो. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं तेव्हा बारा जिल्हे त्याच्याकडे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये जळगावला वेगळं विद्यापीठ झालं, आणि पुण्याकडे पुणे, नाशिक आणि आजचं अहिल्यानगर एवढे तीन जिल्हे राहिले. आता कोणी जुन्या-नव्या अहवालांतले महाविद्यालयांचे आकडे नुसते शेजारी शेजारी ठेवले तर वाचणाऱ्याचा काय समज होईल? विभागाच्या आकड्यांचंही तसंच. प्रवेश घटले असतील तर जागा कमी झाल्या की मुलं कमी आली, ते शेजारी एका ओळीत लिहा.

औंधची_आई

माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पालक म्हणून एवढंच सांगते, नोकऱ्यांच्या पानावर सर्वात मोठ्या पॅकेजचा आकडा टाकू नका. एका मुलाला मिळालेल्या पगारावरून बाकीच्यांचं काही कळत नाही. किती मुलांनी नोकरी मागितली, किती जणांना मिळाली आणि मधला पगार (सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मध्ये येणारा) किती, हे सांगा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीलाही मधलाच पगार भरून द्यावा लागतो, म्हणजे आकडा तुमच्याकडे असतोच. पुढे शिकायला किती गेली तेही लिहा. आमच्या घरात सध्या रोज तीच चर्चा चालू आहे.

पीएचडी_पाचवं_वर्ष

ताई, संशोधनाच्या पानांबद्दल कळकळीने लिहितोय, कारण स्वतःचंच काम मी छापलेलं बघितलंय आणि मला ओळखता आलं नाही. नुसतं शीर्षक, नियतकालिकाचं नाव आणि इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्या नियतकालिकातल्या लेखांचे किती संदर्भ घेतले जातात तो आकडा. माझ्या बाबांनी ते पान देवापाशी ठेवलं, पण 'तू नक्की करतोस काय?' हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

प्रत्येक संशोधकाला तीन वाक्यं मागा. प्रश्न काय होता, तुम्ही काय केलंत, काय सापडलं. 'रेडिओ खगोलशास्त्रात महत्त्वपूर्ण योगदान' असं छापण्याऐवजी असं लिहिता येतं: नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीचं काम करतात. ही दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्था गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. जून २०२३ मध्ये भारत, जपान आणि युरोपातल्या संशोधकांनी अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं, त्यात खोडदच्या दुर्बिणीने घेतलेल्या पल्सारच्या नोंदी होत्या. हे माझ्या बाबांनाही समजलं. पल्सार म्हणजे काय ते त्यांनी लगेच विचारलं, यातच आलं सगळं.

पेटंटच्या बाबतीत काटेकोर राहा. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. 'पेटंट प्रकाशित' याचा अर्थ तेवढाच. परीक्षण होऊन मंजूर झालं तरच पेटंट मिळालं म्हणायचं. दाखल, प्रसिद्ध, मंजूर असे तीन शब्द ठरवून घ्या आणि तेच वापरा. क्रमवारीचंही तसंच. एनआयआरएफमध्ये विद्यापीठांच्या गटात अध्यापन आणि साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, उत्तीर्ण मुलांच्या वाटचालीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के वजन असतं. क्रमांक वर गेला किंवा खाली आला तर यातल्या कशामुळे, ते लिहा. मुलांना तेच जाणून घ्यायचं असतं.

ज्यांना पीएचडी मिळाली त्यांची नावं विषयासकट द्या आणि प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आहे का ते बघून दुवा द्या. पाच-सहा वर्षं घालवलेली असतात हो त्या माणसाने.

नारायणपेठी_छापखाना

आमचा छापखाना तीन पिढ्यांचा. विद्यापीठांची, महाविद्यालयांची बरीच कामं हातून गेली आहेत, त्यावरून सांगतो.

६४ पानं नकोत. २४ किंवा २८ पुरे. सेंटर पिन करणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं भरायला पुन्हा दीपप्रज्वलनच सापडतं. आतला कागद साधा मॅपलिथो घ्या. वाचायला बरा, चमकत नाही, हातात जड होत नाही. आर्ट पेपर फक्त मुखपृष्ठाला.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवलेत तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की दबतो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. गटाच्या फोटोत डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं त्याच दिवशी लिहून घ्यायची सवय लावा. सहा महिन्यांनी मागच्या रांगेतला तिसरा कोण, हे कोणाला आठवत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असेल आणि मांडणी करणारा जुन्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये) काम करत असेल तर अक्षरं बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात. 'विद्यार्थ्यांच्या', 'कर्मचाऱ्यांना', 'दुसऱ्या' हे शब्द मुद्दाम तपासा, आधी तिथेच मोडतं. प्रूफ दोघांनी वाचायचं. एकाने मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून बघायचं. त्यानंतर आणखी एक फेरी फक्त नावांची आणि आकड्यांची. माझे वडील नावाच्या फेरीला कोणाला मध्ये बोलू देत नसत. मजकुरातली चूक वाचणारा सुधारून घेतो, नावातली चूक त्या माणसाला कायम टोचते, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रती कमी छापा, पण छापा. ज्यांची नावं आहेत त्यांना एकेक, ग्रंथालयाला, माजी विद्यार्थ्यांना. बाकीच्यांना पीडीएफ.

कमवा_शिका_२०११

मी पदवीची तिन्ही वर्षं 'कमवा व शिका' योजनेत काम करून शिकलो. सकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायची, कधी बागेत झाडांना पाणी. आवाराच्या बातम्यांमध्ये आमच्यासारख्यांचं काम यावं असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितोय. पण त्याआधी एक गोष्ट.

आमच्या वेळच्या एका अंकात माझा फोटो आला, हातात झाडू असलेला, खाली पूर्ण नाव आणि गाव. मला कोणी विचारलं नव्हतं. कामाची लाज मला कधी वाटली नाही, आजही नाही. पण पुण्यात मी काम करून शिकतो हे आईला सांगितलं नव्हतं. तिने पैशांची काळजी करू नये म्हणून. गावातल्या एका मुलाने तो अंक घरी नेऊन दाखवला. आई फोनवर काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात तिने दोनशे रुपये जास्त पाठवले. ते कुठून आणले हे मी अजून विचारलेलं नाही.

म्हणून शिष्यवृत्ती, कमवा-शिका, वसतिगृहाची फी माफी, यातलं कोणाचंही नाव छापण्याआधी त्याला शेजारी बसवून विचारा. मजकूर वाचून दाखवा. जात, प्रवर्ग, घरची परिस्थिती हे त्याने स्वतः सांग म्हटल्याशिवाय घालू नका. विचारलंत तर बरेच जण हो म्हणतील आणि भरभरून बोलतील, मीही बोललो असतो. ग्रंथालयात कुठलं पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे मला तोंडपाठ होतं, ते कोणी लिहिलं असतं तर मीच तो अंक आईला नेऊन दिला असता.

आवारातल्या बातम्या कुठे मिळतील म्हणाल तर रात्रीच्या अभ्यासिकेत, मेसमध्ये, सुरक्षारक्षकांच्या चौकीत आणि माळीकाकांकडे. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं सात दिवस शिबिराला गेली, तर 'शिबिर उत्साहात संपन्न' यापेक्षा त्यांनी तिथे बांधलेल्या बंधाऱ्यात पाणी साठलं का, हे पावसानंतर कोणीतरी जाऊन बघून या आणि ते छापा.

पाषाणकर

वरच्या प्रतिसादानंतर फार बोलवत नाही. एकच भर घालतो. विभागाने बाहेरच्यांसाठी काय केलं याला एक पान राखा. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, शाळकरी मुलांना दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं असतात, माझा मुलगा तिथूनच विज्ञानाकडे वळला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदलाही शाळांची मुलं येतात. तुमच्या विभागात एखादी शाळा येऊन गेली असेल तर किती मुलं आली यापेक्षा त्यांनी काय विचारलं ते छापा.

नव_संपादिका

सगळ्यांचे खूप आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण त्या काळात कर्तव्य रजेच्या फायली वाचत होते. आस्थापना काका, तुम्ही सांगितलंत तसंच झालं. आमच्या एका सहकाऱ्यांना दोन ठिकाणी परीक्षक म्हणून बोलावलं होतं, त्यांनी स्वतःहून कोणाला सांगितलंच नव्हतं.

अंक २८ पानांचा ठरला, वर्ष जून ते मे. पेटंटच्या यादीत सात नोंदी होत्या. त्यातलं मंजूर एक, प्रसिद्ध चार, दाखल दोन. तसंच छापणार आहोत, विभागप्रमुख लगेच हो म्हणाले.

कमवा_शिका, तुमचं लिहिलेलं आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. यंदा योजनेतली नऊ मुलं आहेत. सगळ्यांशी बोलले. सहा जण नावासकट तयार आहेत, दोघं नावाशिवाय, एकीने नको म्हटलं. तिचं काहीही येणार नाही.

आणि काल मी प्रयोगशाळेतल्या त्या काकांच्या घरी जाऊन आले. मागच्या अंकात राहून गेलं ते यंदा 'मागील अंकातून' असं सदर करून देणार आहे. दोन तास बोललो. कुठल्या वर्षी कुठलं उपकरण आलं, खोक्यातून काढताना कोण कोण होतं, सगळं त्यांच्या लक्षात आहे. मसुदा असा केलाय:

'प्रयोगशाळा सेवक म्हणून ते विभागात रुजू झाले तेव्हा इथे दोनच खोल्या होत्या. उपकरणांच्या किल्ल्यांचा जुडगा ते रात्री घरी नेत नसत. कुलूप लावून तो कार्यालयात जमा करत आणि सकाळी सर्वात आधी येऊन घेत. ३० वर्षांत एकही किल्ली हरवली नाही.'

वर त्यांचं पूर्ण नाव येईल, इथे देत नाही. कसं वाटतंय?

आस्थापना_निवृत्त

छान उतरलंय. ३० वर्षं हे सेवापुस्तकातून घेतलंत की त्यांच्या बोलण्यातून?

नव_संपादिका

बोलण्यातून. उद्या सकाळी सेवापुस्तक काढते.

नव_संपादिका

काका, पाहिलं. ३१ वर्षं, चार महिने. दुरुस्त केलं.