मदत हवी आहे: गोव्यात घरावर मजला चढवायचाय, पालिकेचं बांधकाम लायसन्स अडलंय

घरधनी: तुळशीलग्न झालं की भावाचं लग्न. वर दोन खोल्या आणि बाथरूम काढायचं, बस्स. प्लॅन दिला त्याला अख्खा पावसाळा गेला, पालिकेत म्हणतात कागद अपुरे. समोर पाच मजली बिल्डिंग उभी राहिली, तिला कोणी अडवलं नाही! घरपट्टी आजोबांपासून भरतोय. नक्की काय लागतं? लवकर सांगा, गवंडी थांबत नाही.

नकाशेवाला: कुठली पालिका? पणजी-म्हापशासारख्या ठिकाणी पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण), नाहीतर टीसीपीचं, म्हणजे नगर नियोजन खात्याचं, तालुका ऑफिस. झोन कुठला? सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, आहे? एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं?

घरधनी: पालिकेचं नाव नको, ओळखीचे वाचतात. पीडीए नाही. झोन सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, इंजिनियरने बघितलाय.

सुशेगाद_पात्रांव: लायसन्सच्या मागे कशाला लागतोस? बांध आणि मग रेग्युलराइज, म्हणजे कायदेशीर करून घे. मेव्हण्याने तेच केलं.

नकाशेवाला: पात्रांव, असले सल्ले नकोत. बेकायदा बांधकामं नियमित करण्याचा २०१६ चा कायदा २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांना. आजचा मजला त्यात कसा घुसवणार?

डोंगरराखा: झोन दुरुस्तीच्या नावाने २०२३ ला टीसीपी कायद्यात कलम १७(२) आणलं, मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम उडवले, पण मधल्या काळात २०२४ ला झोन बदलायचं कलम ३९ए आलंच होतं. शेतं आणि डोंगर सेटलमेंट करायला वाटा आहेत, गोंयकाराच्या दोन खोल्यांना नाही. पाच मजल्यांना पाणी कुठून येणार, टँकरने?

सुशेगाद_पात्रांव: मग ह्यानेही ३९एचा अर्ज टाकावा.

नकाशेवाला: झोन सेटलमेंटच आहे म्हणतोय तो. बदलून काय करणार? घरधनी, एक-चौदावर नाव कोणाचं ते राहिलं.

फ्लॅट_पाहिजे: त्या बिल्डिंगीत वन बीएचके काय भावाने?

घरधनी: नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. आजोबांचं इतर हक्कांत, मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा. त्यात सांगायचं काय, सगळ्या वाड्याचं तसंच आहे.

वाड्यावरची_माई: अरे पुता, तेच तर आधी सांगायचं! घरपट्टीने मालकी येत नाही. जमीन दुसऱ्याच्या नावावर असताना प्लॅन कोण पास करील? १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे खरेदीचा अर्ज घाल. पालिका हद्दीत २०० चौरस मीटरपर्यंत मिळते, पंचायतीत ३००. किंमत मामलेदार ठरवतो. आम्ही तसंच घर नावावर केलं, मगच टीसीपी आणि लायसन्स. तुळशीलग्नापर्यंत काही होत नाही, गवंड्याला मोकळा कर. भाटकार एनओसी देत असेल तर मात्र लेखी घे.

घरधनी: भाटकार वारला. मुलं पोर्तुगालात.

वाड्यावरची_माई: मग त्या सगळ्यांना अर्जात पार्टी (पक्षकार) करावं लागेल, नावं-पत्ते जमव. आणि तुमच्या बाजूने आजोबांचे वारस कोण कोण?

घरधनी: बाबा आणि आत्या. आत्या मुंबईला. तिची सही कशाला?