मदत हवी: ४ हार्डडिस्क एकत्र लावायचा डबा कोणता घेऊ? लवकर सांगा

मानवतकर
४ हार्डडिस्क आहेत. डेस्कटॉपला बाहेरून एकाच वायरीनं लावायच्यात. ऑनलाइन बघावं तर दोन खणांचा, चार खणांचा, रेडवाला (अनेक डिस्क जोडून एकीसारख्या चालवणारा), बिनरेडवाला, नुसता गोंधळ. परभणीत दुकानात विचारलं तर एकाच डिस्कची केस काढून दाखवली. शनिवारी गावात सप्ताह बसायलाय, त्याच्या आत पाहिजे. फक्त मॉडेलचं नाव सांगा, बाकी मी बघतो.

उस्मानाबादी शेळी
साडेतीन इंची की अडीच इंची? किती टीबी? यूएसबी कुठलं? विंडोज की लिनक्स? बजेट? आणि सप्ताहाचा काय संबंध?

मानवतकर
साध्या डेस्कटॉपच्या असतात तशा. विंडोज १०. यूएसबी चालतंय, पेनड्राइव्ह लागतो. कीर्तनाचं शूटिंग असतंय हो.

बिंदुसरा
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधी ते बदला.

हिमरू
माझं ऐकाल तर डबाच घेऊ नका, नॅस घ्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला लावायचं डिस्कचं यंत्र. संभाजीनगरला माझ्या घरी आहे. राऊटरला लावला की टीव्हीवर, मोबाइलवर, सगळीकडं दिसतं. दोन डिस्क आरशासारख्या चालतात, एक गेली तरी दुसरी असते. एकदा खर्च करा आणि निवांत राहा.

ज्वारीची भाकर
नॅस कामून? त्यांना डेस्कटॉपला लावायचंय म्हणाले ना. साध्या घरगुती नेटवर्कच्या वायरीवर १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, तेही राऊटर चांगला असला तर. यूएसबी ३ ची वायर ५ गिगाबिटची. फिरत्या डिस्कला तेवढी लई झाली.

मानवतकर दादा, कॅबिनेट उघडून आतच लावा की. मदरबोर्डला सहसा ४ साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची छिद्रं असतात. नुसती साटा केबल घ्या, डब्याचे पैसे वाचतील.

मानवतकर
आत जागा नाही. ऑफिसातून निघालेला बारका डेस्कटॉप आहे, सेकंडहँड. एकच डिस्क बसती.

उस्मानाबादी शेळी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं. आता सगळ्यात महत्त्वाचं सांगा: डिस्क रिकाम्या आहेत की भरलेल्या?

मानवतकर
भरलेल्या! रिकाम्या असत्या तर एवढी घाई कशाला केली असती? दहा-बारा वर्षांचं शूटिंग आहे. तीन डिस्क २ टीबी आणि ४ टीबीच्या आहेत, एक डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रातून) काढलेली आहे.

उस्मानाबादी शेळी
मग हिमरू यांचा सल्ला बाजूला ठेवा. नॅसमध्ये डिस्क घातली की तो आधी ती फॉरमॅट करतो, म्हणजे पुसतो. रेडवाला डबाही तेच. मागच्या बाजूला बारकी बटणं असतात, त्यावर रेडचा मोड लावून कन्फर्म केलं की आतलं सगळं साफ.

तुम्हाला असा डबा पाहिजे ज्यात प्रत्येक डिस्क वेगळी दिसते. टेरामास्टर डी४-३०० मध्ये रेड नाहीच, ४ डिस्क टाकल्या की विंडोजमध्ये ४ ड्राइव्ह. क्यूनॅप टीआर-००४ मध्ये हार्डवेअर रेड आहे, पण प्रत्येक डिस्क वेगळी ठेवायचा मोडही आहे. तो घेतलात तर डिस्क घालायच्या आधी बटणं तपासा. मला विचाराल तर भरलेल्या डिस्कसाठी रेडचं बटणच नसलेला बरा. घरात कोणीतरी 'हे काय आहे' म्हणून दाबतंच.

हिमरू
बाजूला कसला ठेवता? डिस्क मेली तर काय करणार? एवढं जुनं शूटिंग एकाच डिस्कवर ठेवणं धोक्याचं नाही का?

उस्मानाबादी शेळी
धोक्याचं आहेच. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल चुकून डिलीट झाली की आरशातूनही त्याच क्षणी जाते. त्यापेक्षा एक मोठी डिस्क वेगळी घ्यावी, कॉपी करावी आणि काढून कपाटात ठेवावी. शिवाय हार्डवेअर रेडचा डबाच बिघडला तर डिस्क शाबूत असूनही दुसऱ्या डब्यात वाचतील याची खात्री नसते.

लातूरचा पक्या
दोन खणांचे उभे डॉक (डिस्क वरून खोचायचे स्टँड) स्वस्त मिळतात, दोन दोन लावा. फक्त त्याच्यावर क्लोनचं बटण असतं. ते दाबलं की एका डिस्कवरचं दुसरीवर चढतं, कॉम्प्युटर बंद असला तरी. आमच्याकडं एकानं लाइटचं बटण समजून दाबलं होतं.

ज्वारीची भाकर
लाइटवरून आठवलं. नाव कोणतंही घ्या, अॅडॅप्टर बघून घ्या. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढती. चार एकदम फिरल्या तर हिशेब करा. हलका अॅडॅप्टर असला की डिस्क टकटक करायल्या अन् दिसंना झाल्या म्हणून समजा. चांगल्या डब्यात एकामागं एक सुरू करायची सोय असती. अन् पंखा पाहिजेच, परभणीचा मे महिना तुम्हाला मी सांगायचं का? बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची, खोलीतच ४२ असलं तर बंद डब्यात किती होईल?

लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना कॉम्प्युटर चालू राहतो, डबा मात्र बंद पडतो, हे आमच्याकडं नेहमीचं. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा.

बिंदुसरा
कुठला इन्व्हर्टर? ट्यूब्युलर बॅटरी का साधी?

ज्वारीची भाकर
ट्यूब्युलर. पाणी टाकायचं विसरू नका.

मानवतकर
बॅटरीवर कुठं गेलात? कॉम्प्युटरच्या मागं यूएसबीची दोन तऱ्हेची छिद्रं आहेत, डब्याची वायर कुठल्या छिद्रात लावू? पुढं लावलं तर चालंल का?

उस्मानाबादी शेळी
मागं. आतून निळं किंवा बाजूला एसएस लिहिलेलं बघा. काळं छिद्र बहुधा यूएसबी २ चं. त्यावर सेकंदाला ३५-४० एमबी मिळतात, १ टीबी हलवायला सात-आठ तास. यूएसबी ३ वर दोन-अडीच तासांत होईल. पुढचं छिद्र आतल्या लांब केबलनं जोडलेलं असतं, त्यावर डबा मध्येच तुटू शकतो. हबही लावू नका.

लातूरचा पक्या
सप्ताहात काल्याचं कीर्तन कोणाचं आहे?

मानवतकर
गावातलेच महाराज आहेत. या जेवायला. बिनरेडवाला बुक केलाय, शुक्रवारी येतोय म्हणायलाय. पण डीव्हीआरच्या डिस्कचं कोणीच बोललं नाही. शेजारच्या कॉम्प्युटरला लावून बघितली तर विंडोज 'इनिशियलाइज करू का' विचारतंय. हो म्हणू का?

उस्मानाबादी शेळी
नाही म्हणा! कॅन्सल करा आणि डिस्क काढून घ्या. डीव्हीआरची मांडणी बहुधा विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते कोरी समजतं. ज्या डीव्हीआरमधून काढली त्यालाच परत जोडा, पेनड्राइव्ह लावून पाहिजे तेवढं एक्सपोर्ट करा. त्याआधी कॅमेऱ्यांच्या वायरी काढा, नाहीतर जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढत जाईल.