आईच्या खोलीवर काय टाकावं? पावसात तिची हाक ऐकू येत नाही

प्रश्न : यावल तालुका

नमस्कार मंडळी. आमची मागची खोली १२ बाय १६ फुटांची, मातीच्या भिंतींची. आधी धाबं, म्हणजे लाकडांवर मातीचं सपाट छप्पर होतं. दर उन्हाळ्यात वडील त्यावर खारी माती टाकायचे. ते गेले, लाकडं कुजली, म्हणून मी धाबं उतरवून लोखंडी पत्रे टाकले. स्वस्तातले, ०.३५ मिमीचे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आई त्या खोलीत घसरून पडली. मी शेजारच्याच खोलीत झोपलो होतो. तिने किती हाका मारल्या असतील, तिलाच ठाऊक. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. पहाटे उठलो तर ती भिंतीला टेकून बसलेली. हाड मोडलं नाही, पण ते माझ्या मनातून जात नाही. खोली सोडायला ती तयार नाही. देव्हारा तिथे, परसाचं दार तिथे.

परवाच्या वादळात शेजारच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, आमचेही तीन पत्रे उचकटले. म्हणजे आता सगळंच बदलायचंय, आणि मृगाच्या आत. मध्यंतरी पत्र्यांवर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या पसरून पाहिल्या. गारवा आला, आवाजही कमी झाला, पण खाली ओल धरून पत्रा गंजला आणि एकदा विंचू निघाला. स्लॅब या भिंतींना पेलणार नाही. कौलं, सिमेंटचे पत्रे, पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं), काय घेऊ?

उत्तर : फॅब्रिकेशनवाला, भुसावळ

दादा, पत्रा पातळ आणि खालचे पाइप लांब लांब असले की पत्रा ढोलकीसारखा वाजतो. तुमचं तेच झालंय. रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला) घ्या, ०.५० मिमी. आडव्या पाइपांत तीन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी टाका, थरथर पाइपात कमी उतरते.

पण आवाज खरा अडतो तो खालच्या छताने. पत्र्याखाली अर्धा-पाऊण फूट पोकळी सोडून वेगळ्या सांगाड्यावर सिमेंट बोर्डाचं छत करा आणि त्यावर ५० मिमीचं रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) अंथरा. पोकळीला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवा. गरम हवा निघून जाईल, उंदीर आत येणार नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा याचा वेगळा फायदा कळेल. पफ पॅनल उन्हाला फार चांगलं. मात्र आतला फोम हलका असतो, आणि आवाज अडवायला वजन लागतं. नुसत्या पत्र्यापेक्षा बरं, पण तुम्हाला हवी तेवढी शांतता त्यातून मिळणार नाही.

वादळाचं जास्त मनावर घ्या. वारा वळचणीतून आत शिरून पत्रा खालून उचलतो, त्यामुळे कडेला आणि कोपऱ्यांना स्क्रू दाट हवेत. कैची (छपराचा तिकोनी सांगाडा) नुसती मातीच्या भिंतीवर टेकलेली असेल, तर पत्रे कितीही घट्ट बसवा, अख्खा सांगाडाच उडेल. चारही कोपऱ्यांत पायापासून लोखंडी खांब उभे करा. वजन भिंतीवर येऊच देऊ नका.

उत्तर : नंदुरबारहून

भाऊ, आमच्या माहेरी मंगलोरी कौलं आहेत. पाऊस त्यांच्यावर नुसता कुजबुजतो, दोघी-तिघींच्या गप्पा सहज चालतात. पण वानरं! वर्षातून दोनदा कौलं सरकवतात, आणि चढून ती नीट करणारा माणूस आता गावात मिळत नाही. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, वानरं तुम्हालाही सोडणार नाहीत. वेळ देता येत असेल तरच घ्या.

आणि छत होईल तेव्हा होवो. आईंच्या खाटेजवळ आज एक बिनतारी बेल लावा, वाजणारा डबा तुमच्या उशाशी ठेवा. बाथरूमच्या वाटेवर दुसरं बटण, हाताला येईल इतकं खाली. पडलेलं माणूस उभ्याच्या उंचीचं बटण कसं दाबणार?

उत्तर : धुळे

सिमेंटच्या पत्र्याचा आवाज कमी असतो, जाड आणि जड असतो ना. पण गारांनी तडकतो, चालताना पाय पडला की फुटतो. जुन्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, नव्यांतही बऱ्याचदा असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो. आईंच्या डोक्यावर तो मी तरी घालणार नाही.

प्रश्नकर्ता

ताई, बेलचं माझ्या डोक्यातच आलं नाही. काल यावलला जाऊन दोन बटणांची आणली. दुसरं बटण जमिनीपासून फूटभर उंचीवर लावलं. आईने रात्री तीनदा दाबून पाहिली, तिन्ही वेळा मी उठलो.

खांबांचं ठरलं, सोमवारी खड्डे घेतोय. पत्रा ०.५० चाच. रॉकवूलला पैसे कमी पडले तर खालचं छत दिवाळीनंतर करेन, पण त्याचा सांगाडा आताच वेल्ड करून ठेवतो. भुसावळचे दादा, त्या रबराच्या पट्टीची जाडी किती घेऊ? इथला दुकानदार ३ मिमी दाखवतोय.