एएमएच, एफएसएच आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

माझा एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारं रक्तातलं हार्मोन) 0.6 आला, म्हणजे कमी, तेव्हा मी 33 वर्षांची होते. गुहागरहून चिपळूणला रिपोर्ट आणायला एकटीच गेले होते. परतीच्या एसटीत तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सहा दिवस नवऱ्यालाही दाखवला नाही. "आता मूल होणं कठीणच," एवढंच सांगून मला पाठवलं होतं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हा धागा.

पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. हे हार्मोन अंडाशयातल्या लहान लहान फॉलिकलमध्ये, म्हणजे बीजं ज्यात वाढतात त्या पिशव्यांमध्ये, तयार होतं. त्यावरून कणगीत भात किती उरलंय त्याचा अंदाज येतो. दाणा भरलेला की पोचट, ते कळत नाही. ते बरंचसं वयावर. आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीजं काढून शरीराबाहेर फलित करतात त्या उपचारात, इंजेक्शनांचा डोस किती ठेवायचा, बीजं साधारण किती निघतील, यासाठी तो आकडा. माझी तीन निघाली. दोन फलित झाली, एकच गर्भ टिकला. ती आता दुसरीत आहे आणि दिवसभर पेरूच्या झाडावर असते.

(एएमएच पाळीच्या कुठल्याही दिवशी करता येतो, एफएसएच, म्हणजे बीजं वाढवणारं हार्मोन, मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझा एक हेलपाटा फुकट गेला.)

तुमचंही लिहा. यश आलं नसलं तरी लिहा.

हर्णै
माझं उलट. पीसीओएस (अंडाशयात लहान फॉलिकल खूप असतात तो त्रास), एएमएच 9.4. घरात सगळ्यांना वाटलं, जास्त म्हणजे चांगलंच. 24 बीजं काढली आणि दोन दिवसांत पोट असं तटतटलं की सलवारीची नाडी बांधवेना. पोटात पाणी झालं होतं, धाप लागायची. इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर चेतवले गेले की असं होतं, याला ओएचएसएस म्हणतात आणि एएमएच जास्त असलेल्यांना त्याचा धोका जास्त. त्याच महिन्यात दिवस राहिले असते तर त्रास वाढला असता, म्हणून डॉक्टरांनी सगळे गर्भ गोठवून ठेवले. पहिला ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) फुकट गेला, दुसऱ्याला मुलगा झाला.

एक सांगते, पावसाळ्यात उपचार असतील तर इंजेक्शनांची सोय आधी बघा. आमच्याकडे दीड दिवस लाइट नव्हती. यांनी बंदरावरून मासळीचा बर्फ आणला, इंजेक्शनं डब्यात घालून डबा टॉवेलात गुंडाळला आणि मग पेटीत ठेवला. बर्फाला थेट लागून गोठलं तर औषध वाया जातं.

मालवण
मी पुरुष आहे, लिहू की नको असं चाललं होतं. चार वर्षांत बायकोच्या तपासण्या तीनदा झाल्या, माझी एकदाही नाही. आई तिलाच उपास सांगायची. शेवटी माझी तपासणी झाली तर शुक्राणू शून्य. मुंबईला असताना जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं घ्यायचो. बाहेरून ते मिळालं की मेंदू एफएसएच, एलएच ही शुक्राणू बनवायला लागणारी हार्मोन सोडायचं कमी करतो आणि शुक्राणू बनणं थांबतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केलं. आठ महिन्यांनी रिपोर्टात थोडे दिसले. मूल अजून नाही. पण बायकोची माफी मी आईसमोर मागितली.

रत्नागिरी
टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 7 होता, म्हणजे जास्त. सकाळी चहाच्या आधी अनशापोटी गोळी, बाकी काही नाही. पाच महिन्यांनी दिवस राहिले. सगळ्यांचं एवढ्यावर भागणार नाही, पण आयव्हीएफच्या आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) बघून घ्या.

देवगड
धागा काढणाऱ्या ताईंनी यश नसलं तरी लिहा म्हटलं, म्हणून लिहिते. 41 व्या वर्षी माझा एएमएच 2.8 होता. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने छान. 11 बीजं निघाली. आकडा चांगला होता, तरी वय आडवं आलंच. दोन ट्रान्सफर झाले. गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन हार्मोनची तेलातली इंजेक्शनं घेऊन कमरेला गाठी आल्या होत्या, रात्री नवरा गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचा. दुसऱ्या वेळचा बीटा (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी) आला तेव्हा गणपती होते. मी परातीत उकड मळत होते. फोनवर आकडा ऐकला, 1.2, म्हणजे नाही. सासूबाईंनी काही विचारलं नाही. तेलाचा हात लावून त्या माझ्याशेजारी बसल्या आणि आम्ही दोघींनी एकवीस मोदक केले.