चरून वाढलेल्या बोकडाच्या मटणात कीटकनाशकांचे अंश असतात का?

प्रश्न (चेंबूर)
देवनारचा कत्तलखाना जवळ असल्याने आमच्याकडे दर रविवारी बोकडाचे मटण येते. आमचे नेहमीचे खाटीक सांगतात की, हा माल राजस्थानकडचा, उघड्या रानात चरलेला असल्यामुळे त्यात औषधांचा प्रश्नच येत नाही. हे कितपत खरे मानावे? वडील कलेजी आणि चरबी मुद्दाम मागून घेतात, म्हणून विचारतो आहे.

उत्तर १ (निवृत्त पशुवैद्य, परळ)
जनावर काय चरले यावर सारे अवलंबून असते. डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान ही क्लोरीनयुक्त कीटकनाशके पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पण चरबीत मुरतात. आपल्याकडे शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्ये, बीएचसीवर १९९७ मध्ये आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. तरीही डीडीटीचे अंश मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि गवताबरोबर जनावराच्या तोंडी थोडी मातीही जातेच. दुभत्या जनावराच्या शरीरातून हे अंश काही प्रमाणात दुधावाटे बाहेर पडतात, बोकडाला ती वाट नाही. मात्र त्याचे आयुष्य थोडे असल्याने साठाही कमी होतो. हल्लीची पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटांतील कीटकनाशके शरीरात बरीच लवकर विघटित होतात.

उत्तर २ (मुलुंड, मूळ गाव जळगाव जिल्ह्यात)
आमच्याकडे कापसाची वेचणी संपली की उभ्या पऱ्हाटीत शेळ्यामेंढ्या सोडतात. शेतात खत पडते आणि कळपाला चारा मिळतो, त्यामुळे दोघेही खूश. शेवटची फवारणी कधी झाली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. ऑस्ट्रेलियात १९९४ च्या दुष्काळात जिनिंगमधला (सरकी वेगळी करताना उरणारा) कापसाचा कचरा गुरांना खाऊ घातला गेला आणि गोमांसात क्लोरफ्लुअझुरॉन हे कापसावर फवारलेले कीटकनाशक सापडल्याने मांसाची निर्यात अडचणीत आली होती. तिथे गुरांनी रोग म्हणून काहीच दाखवले नव्हते, हे लक्षात घ्यावे.

प्रश्नकर्ता
मग कत्तलखान्यातील तपासणीत हे कळत नाही का?

उत्तर १ (पुन्हा)
कत्तलीपूर्वीची आणि नंतरची तपासणी मुख्यतः रोग शोधण्यासाठी असते. अवशेष डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवून क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील रसायने वेगळी करून ओळखण्याची चाचणी) करावी लागते. माझ्या मते, चाऱ्याइतकीच गोचिडांच्या औषधाचीही चौकशी व्हायला हवी. सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ अंगावर लावल्यानंतर, आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिल्यानंतर, ठरावीक दिवस जनावर कापायचे नसते. बाजारासाठी अंग स्वच्छ दिसावे म्हणून विकण्याच्या आदल्या आठवड्यात औषध लावले, तर तो काळ पाळला जात नाही.

वडिलांबद्दल म्हणाल, तर कलेजी अधूनमधून खाण्यास माझी हरकत नाही, पण चरबी कापून टाकायला सांगा. शिजवल्याने हे जुने अंश सहज नष्ट होत नाहीत, चरबीबरोबर रश्श्यात उतरतात. म्हणून सूप केले तर ते थंड झाल्यावर वर गोठलेला थर काढून टाकावा.