पैसे गेले, हे घरी कधी सांगितलंत? अनुभव लिहा

आधी माझ्याच घरचं लिहिते.

आईची एफडी संपली म्हणून ती बँकेत गेली होती. काउंटरवरचा मुलगा ओळखीचा. "काकू, एफडीपेक्षा चांगली योजना आहे, इथे सही करा," म्हणाला. तिने १ लाखाचा चेक दिला. चार दिवसांनी पोस्टाने जाडजूड पाकीट आलं. विमा पॉलिसी, दरवर्षी १ लाख, १० वर्षं. आईचं वय ६८, पेन्शन महिना १९ हजार. तिला त्याच दिवशी कळलं होतं. पाकीट तिने कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि मला सांगितलं सात आठवड्यांनी. का, तर "तू रागावशील."

कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. ती मुदत त्या साड्यांखालीच संपली. मग अर्जाची प्रत मागवली. त्यात आईचं वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलेलं आणि मोबाइल नंबर भलत्याचाच! तेवढ्यावर विमा कंपनीकडे लेखी तक्रार केली. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही, की विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही तिकडे अर्ज टाकल्यावर कंपनीने पैसे परत केले. पाच महिने गेले त्यात. त्या पाच महिन्यांत आई नीट जेवली नाही, हे मला जास्त लागलं.

तुमच्याकडे काय झालं? नाव नको असेल तर नका देऊ.

रानवारा
ताई, मी २४ वर्षांचा. ॲपवरून ८,००० चं कर्ज घेतलं, हातात ५,२०० पडले, मुदत सात दिवस. आठव्या दिवशी माझा फोटो घाणेरड्या चित्राला जोडून मावशीला, मित्रांना, जुन्या सरांना पाठवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला कॉन्टॅक्ट, फोटो उघडायची मुभाच नाही, हे मला नंतर कळलं. दोन रात्री मी गच्चीवर बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी मामा आला. काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "फोन दे इकडे, आणि आधी चार घास खा." स्क्रीनशॉट काढून आम्ही सायबर पोलिसांकडे गेलो. मामा नसता तर, हा विचार आजही नको वाटतो.

धागाकर्ती
रानवारा, लिहिलंस हे फार बरं केलंस. परत तशी रात्र आली तर १४४१६ लाव. टेलिमानस, सरकारी सेवा आहे. २४ तास, फुकट, मराठीत बोलतात.

माजघर
माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, 'डिजिटल अटक' झाली होती. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, कुणाशी बोलायचं नाही." सहा तास ते खोलीला कडी लावून बसले होते. मी चहा घेऊन गेले तर दार फटीएवढं उघडून कुजबुजले, "सूनबाई, जा. तुझंही नाव येईल." कप तसाच हातात राहिला माझ्या. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही, कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. नवऱ्याने दार ढकलून फोन बंद केला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवलं. २ लाख ४० हजार गेले होते, त्यातले ९० हजार पुढच्या खात्यात अडवता आले. तासभर उशीर झाला असता तर तेही गेले असते.

अण्णांनी मग महिनाभर कट्ट्यावर जाणं सोडलं. आम्हीही विषय काढत नव्हतो, तेच चुकलं बहुतेक. गेल्या रविवारी स्वतःहून गेले आणि सगळ्यांना सगळं सांगितलं. घरी आले तर हातात चिठ्ठी, तिच्यावर दोन नावं. "या दोघांनाही तसेच फोन आलेत, घरी बोलले नाहीत अजून. उद्या तू चल माझ्याबरोबर."